लाल नाडीचा पाऊच

पाऊच ही बहुतेक जगातली सगळ्यात सोपी खरेदी असावी. दादरच्या रानडे रोडवर उभं राहायचं, पुण्यात असाल तर तुळशीबागेत शिरायचं, आणि एवढाही वेळ नसेल तर मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोनवर बोट फिरवायचं. जाळीचा, रेक्झिनचा, पारदर्शक, चौदा कप्प्यांचा, बाथरूमच्या हुकाला टांगायचा, चटईसारखा गुंडाळायचा... दोनशे रुपयांपासून पुढं म्हणाल तेवढा महाग. घरी आणून त्यात सगळं सामान मांडलं की काय भारी वाटतं! आयुष्यच ऑर्गनाइझ झाल्यासारखं. आणि तिसऱ्या ट्रिपला चार्जर पुन्हा सॅकच्या तळाशी, गोळ्यांची स्ट्रिप जीन्सच्या खिशात आणि पाऊच कपाटात. त्यात दोन सुटे हेअरबँड आणि कुठल्याशा हॉटेलचा कंगवा.

आमच्या ऑफिसात हे कायम बघायला मिळतं. प्रोजेक्टमुळे निम्मी टीम सोमवारी पहाटे पुण्याहून मुंबईला निघते आणि शुक्रवारी रात्री परत. त्यामुळे कुणाकडे कुठला पाऊच, हा कॅन्टीनमधला रीतसर विषय आहे. एकाकडे इंपोर्टेड पाऊच आहे, आत केबलसाठी अठरा इलॅस्टिकच्या पट्ट्या. प्रत्येक केबलला स्वतःचं घर! तो एक केबल काढून परत लावेपर्यंत आमचा चहा पिऊन होतो. एकीचा पाऊच इतका गच्च, की त्याला पाऊच म्हणावं की गाठोडं? पण मागाल ते मिळतं, अगदी सुई-दोरा आणि हिंगाष्टकसुद्धा. फक्त ती स्वतः जागेवर असावी लागते. ती नसेल तर त्यातून काही शोधून काढायची कुणाची टाप नाही.

माझं घोडं नेमकं तिथंच अडतं. पाऊचची मालकीण शेजारी आहे, जागी आहे आणि तिला बोलता येतंय, हे सगळे गृहीत धरूनच चालतात.

मला दमा आहे. लहानपणापासून आहे, त्यात काही ग्लॅमर नाही. निळा पंप, म्हणजे इनहेलर, जवळ असला की मी ट्रेकलाही जाते आणि गणपतीत ढोलही वाजवते. २०२२ च्या डिसेंबरमधला एक शुक्रवार. दादरहून पुण्याला निघालेली रात्रीची एसी बस. खालापूरच्या फूड मॉलवर गाडी थांबली, सगळ्यांचे वडापाव झाले आणि घाट चढायच्या आधी ड्रायव्हरदादांनी श्रद्धेनं नवी अगरबत्ती लावली. काचा बंद, एसी सुरू, धूर तिथल्या तिथं फिरतोय. दहा मिनिटांत माझी छाती आवळायला लागली.

दम्याचं एक असतं. श्वास कमी पडायला लागला की पहिल्यांदा बोलणं जातं. डोकं लख्ख चालू असतं, कुठल्या कप्प्यात काय आहे ते सगळं आठवत असतं, पण तोंडातून अख्खं वाक्य निघत नाही आणि हात थरथरतात. शेजारी साठीतले एक काका होते, चिंचवडला उतरणारे. मी पायाशी ठेवलेल्या सॅककडे बोट दाखवलं. त्यांनी सॅक उघडली, वरच पाऊच होता. त्याला दोन चेन. ‘‘हा का गं बाळ? ह्यातलं?’’ मी बोटानं लाल नाडी दाखवली. काकांनी नाडी ओढली, आत एकच वस्तू होती, ती माझ्या हातात दिली. अंधारातला सगळा कार्यक्रम फार तर दहा सेकंदांचा. मग चिंचवड येईपर्यंत काकांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या दम्याची साद्यंत हकिकत सांगितली आणि मी ती मनापासून ऐकली. दुसरं काय करणार?

गंमत म्हणजे त्या लाल नाडीत माझं कर्तृत्व शून्य. दोन महिन्यांपूर्वी बाहेरच्या कप्प्याच्या रनरची पत्र्याची जीभ तुटली होती. स्टेशनबाहेर छत्री लावून चेन दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांच्याकडे त्या मापाची जीभ नव्हती, म्हणून त्यांनी रनरच्या भोकातून परकराच्या लाल नाडीचा तुकडा ओवून गाठ मारून दिली. मॅचिंगच्या नावानं बोंब! पण त्या अंधाऱ्या बसमध्ये सगळ्या काळ्या सामानात दिसण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

तेव्हापासून पाऊच निवडायचा माझा फंडा एकच. तो दुसऱ्याला वापरता आला पाहिजे. टेस्ट सोपी आहे. भरलेला पाऊच अशा माणसाच्या हातात द्या, ज्यानं तो कधी उघडलेला नाही. दिवे घालवा. एकच शब्द सांगा, ‘गोळी’ किंवा ‘पंप’ किंवा ‘आयडी’. दहा आकडे मोजेपर्यंत वस्तू बाहेर आली तर पाऊच पास. आम्ही हे एकदा कॉन्फरन्स रूममध्ये लाइट बंद करून केलं. अठरा पट्ट्यांचा इंपोर्टेड साहेब सपशेल आपटला. हिंगाष्टकवालीच्या पाऊचमधून अंधारात पहिल्यांदा सुईच लागली, त्यामुळे तो राउंड तिथंच आटोपला. पास झाला तो आमच्या इंटर्नचा शाळकरी कंपासछाप पाऊच, कप्पे फक्त दोन.

खरं तर आपल्याकडे ही अक्कल जुनीच आहे. आजीचा बटवा आठवा. दोन बाजूंनी दोन दोऱ्या, एक जोडी ओढली की तोंड आवळतं, दुसरी ओढली की उघडतं. आत दोन-तीन कप्पे. पण बटव्याहूनही मला चंचीचं कौतुक जास्त वाटतं. गावाकडच्या आजोबांकडे असायची ती. कापडाची लांब पट्टी, तिला ओळीनं खिसे, पान एकात, सुपारी एकात, तंबाखू एकात, चुन्याची डबी एकात. मग सगळं गुंडाळायचं आणि दोरीनं बांधायचं. आजच्या ‘रोल-अप ऑर्गनायझर’चे हे खापरपणजोबा! आणि चंची एकट्यानं वापरायची वस्तूच नव्हती. पाराजवळ कुणी भेटलं की ती पुढं करायची, समोरचा आपला आपण उघडणार, हवं ते घेणार, गुंडाळून परत देणार. कुठल्या खिशात काय, हे विचारावं लागत नसे. तंबाखूचं समर्थन मी करत नाहीये हं, फक्त शिलाईचं करतेय.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं? आधी माप. आपला पासपोर्ट साधारण साडेबारा सेंटिमीटर बाय पावणेनऊ सेंटिमीटरचा असतो. तो आडवा, न वाकवता मावला पाहिजे आणि एक बॉलपेन तिरकं का होईना बसलं पाहिजे. म्हणजे एकोणीस बाय बारा सेंटिमीटरच्या आसपासचा पाऊच पुरतो. त्याहून मोठा घेतलात की तो भरणारच. रिकामी जागा आणि आपलं मन यांचं काहीतरी साटंलोटं असतं.

मग चेन. अर्ध्याहून जास्त पाऊच चेनमुळेच निवृत्त होतात, कापडामुळे नाही. बऱ्याच रनरच्या मागच्या बाजूला ३ किंवा ५ असा आकडा असतो. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. ३ नंबर नाजूक, मेकअपच्या पाऊचला ठीक. रोजच्या धकाधकीला ५ नंबर घ्यावा. दुकानातच एका हातानं उघडून बघा, विशेषतः कोपऱ्यावर. कोपऱ्यावर अडखळणारी चेन घाईत दगा देते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत धातूच्या दातांपेक्षा नायलॉनची चेन बरी. आणि कुठलीही चेन अडायला लागली तर दातांवरून मेणबत्ती घासायची. हा उपाय त्याच छत्रीवाल्या चाचांचा.

कापडाच्या टॅगवर ‘डेनियर’ लिहिलेलं असतं, ते बघून घाबरू नका. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. ६०० डेनियरचं पॉलिस्टर सॅकला शोभतं. एवढ्याशा पाऊचला २१० किंवा ४२० डेनियरचं नायलॉन भरपूर झालं, हलकंही राहतं. आतून रबरी कोटिंग असेल तर मात्र जपून. आपल्या दोन-तीन पावसाळ्यांत ते चिकट होतं आणि मग पापडासारखं सुटायला लागतं.

अस्तर हवं फिकट रंगाचं. ह्या बाबतीत मी हट्टी आहे. कंपन्या काळं अस्तर का लावतात ते कळतं, मळ दिसत नाही. पण मळाबरोबर काळी केबल, सिमची पिन, कानातलं, सगळंच दिसत नाही! पिवळं, पांढरं, आकाशी, काहीही चालेल. जाळीचा कप्पा एक असावा, त्यात काय आहे ते न उघडता कळतं. आणि कप्पे एकूण तीन. चौथा कप्पा लागतोय असं वाटलं तर सामान जास्त झालंय.

माझ्या पाऊचमध्ये काय असतं? लाल नाडीच्या बाहेरच्या कप्प्यात फक्त पंप. दुसरं काहीही नाही, अगदी टिश्यूसुद्धा नाही. दर महिन्याला एक्सपायरी आणि काउंटरवरचे उरलेले डोस बघून घेते. पंप उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नसतो, आतला डबा दाबाखालचा असतो, म्हणून गाडीतून उतरताना सॅक राहिली तरी पाऊच हातात घेऊनच उतरते.

जाळीच्या कप्प्यात गोळ्या. इथं एक बारीकशी गोष्ट सांगते, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. केमिस्ट स्ट्रिप कापून देतो तेव्हा नाव आणि एक्सपायरी छापलेला तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो आणि तुमच्याकडे येतात चार अनामिक पांढऱ्या गोळ्या. त्या अनोळखी काकांना, एखाद्या डॉक्टरला किंवा एअरपोर्टच्या माणसाला त्यावरून काय कळणार? छापील टोक मागून घ्या, नाहीतर अख्खी स्ट्रिप घ्या. सोबत प्रिस्क्रिप्शनची घडी घातलेली झेरॉक्स आणि जलसंजीवनीचं एक पाकीट. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्याच पाण्यात ते एका दमात पूर्ण घालायचं, चिमूट-चिमूट नाही.

तिसऱ्या कप्प्यात बाकीचा संसार. चार्जर, एक टाइप-सी केबल, दोन सॅनिटरी पॅड, दोन सेफ्टी पिन, रबरबँड, शांपूचं सॅशे. (जगानं ‘ट्रॅव्हल साइझ’ म्हणून मिरवायच्या आधीपासून आपल्या वाण्याच्या दुकानात त्याच्या माळा लटकताहेत.) एक पाचशेची नोट आणि दहा-वीसच्या थोड्या, कारण घाटात नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं आणि चहावाल्याला स्क्रीनवर फिरणारं चक्र दाखवून भागत नाही. आणि एक कार्ड. मोबाइल लॉक असतो हे आपण विसरतो. म्हणून जाड कागदावर स्वच्छ मराठीत आणि इंग्रजीत नाव, रक्तगट, ‘दमा आहे’, कशाची ॲलर्जी आणि दोन फोन नंबर लिहून ठेवलेत. त्यातला एक नंबर पुण्यातला, एक मुंबईतला.

आयडीचं म्हणाल तर आता सगळं फोनवर असतं. रेल्वेनं २०१८ मध्ये डिजिलॉकरमधलं आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स मान्य केलं. पण ते ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’मधलं पाहिजे, आपण स्वतः अपलोड केलेली कॉपी चालत नाही. टीसीसमोर हा फरक समजून घेण्यात मजा नसते. मी आपलं ओरिजिनल लायसन्स पाऊचमध्ये ठेवते. फोनची बॅटरी आणि टीसी यांची वेळ नेहमी चुकीची जुळते.

विमानात ह्या एवढ्याशा पाऊचची खरी परीक्षा होते. एटीआरसारख्या छोट्या विमानात केबिन बॅग वर मावत नाही, मग पायऱ्यांपाशी स्टाफ गोडीत म्हणतो, ‘मॅडम, बॅग खाली जाईल.’ मागं रांग, वर ऊन, आणि तुमची औषधं निघाली सामानाच्या पोटात! अशा वेळी बॅगेतून एकाच हालचालीत एकच गोष्ट बाहेर काढता यायला हवी. खरं तर दोन, कारण पॉवर बँकही चेक-इन सामानात चालत नाही. ती मी पाऊचमध्ये ठेवत नाही. तिच्या वजनानं पाऊच विटेसारखा होतो आणि मग आपण तो बरोबर घ्यायचाच टाळतो. पण ती ठेवायची जागा पाऊचला लागूनच.

पॉवर बँकेचं गणितही सोपं आहे. मिलीॲम्पिअर-अवरला ३.७ नं गुणायचं आणि हजारानं भागायचं. दहा हजारवाली ३७ वॉट-अवरची, वीस हजारवाली ७४ ची. विमानात साधारण १०० पर्यंत सहज चालते. पण नियम कडक होत चाललेत. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली आणि तपासात वरच्या कप्प्यातली पॉवर बँक हे संभाव्य कारण म्हणून पुढं आलं. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, न्यायची तर एकच. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीचा नियम बघावा हे उत्तम. आणि परदेशी जात असाल तर क्रीम-जेलवाली मंडळी वेगळ्या पारदर्शक पिशवीत. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आत, पिशवी एक लिटरची. २००६ मध्ये लंडनमध्ये विमानं उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांवर तो सैल झालाय, पण येताना कुठल्या विमानतळावरून येणार, तेही बघायला हवं ना! औषधांना सवलत असते, तिथं ती झेरॉक्स उपयोगी पडते.

एवढं करूनही पाऊच टिकतो तो एका सवयीवर. त्यातलं काहीही घरात वापरायचं नाही. घरी चार्जर वेगळा, पाऊचचा वेगळा. ‘दोन चार्जर? उधळपट्टी!’ असं आमच्या घरी सुरुवातीला म्हणून झालं. पण पाऊचची खरी किंमत हीच असते. पाऊच अडीचशेचा, आतला डबल संसार दीड-दोन हजारांचा. हिशेब पाऊच घेतानाच करावा. आणि भरायचा तो परत आल्यावर. शुक्रवारी रात्री घरी पोचल्यावर, चप्पल काढली की आधी संपलेलं बघायचं, यादीत लिहायचं, मग अंघोळ. सोमवारी पहाटे पाच वाजता कुणाच्याही डोक्यात सॅशे आणि सेफ्टी पिना नसतात.

ह्या वर्षी आई-बाबा रत्नागिरीला लग्नाला निघाले, तेव्हा मी दोघांसाठी दोन पाऊच शिवून घेतले. आईच्या जुन्या खणाचं कापड, आत पांढरं मांजरपाट, ५ नंबरची चेन आणि बाहेरच्या कप्प्याला अर्थातच लाल नाडी. बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही. ‘‘मला काय झालंय? माझ्या गोळ्या तुझ्या आईला पाठ आहेत,’’ असं त्यांचं म्हणणं. गोष्ट खरी आहे, आईला सगळं पाठ असतं. पण आई बायकांच्या घोळक्यात मंडपाच्या त्या टोकाला आणि बाबा ह्या टोकाला, असं लग्नात होणारच. म्हणून नियम असा ठरला की ज्याच्या गोळ्या त्याच्या पाऊचमध्ये, आणि एकमेकांचा पाऊच दोघांनाही उघडता आला पाहिजे. आदल्या रात्री हॉलमधला दिवा घालवून दोघांची परीक्षा घेतली. बाबांनी आईची बीपीची गोळी सात आकड्यांत काढली. आईनं बाबांची ग्लुकोजची पुडी चारमध्ये. बाबांनी त्यावर ‘‘हिनं आधीच चोरून बघितलं होतं’’ अशी तक्रार नोंदवली.

लग्नाहून आल्यावर मी दोन्ही पाऊच भरायला घेतले. बाबांच्या पाऊचमध्ये लवंग-वेलदोड्याची पुडी, अंगाऱ्याची पुडी आणि घडी केलेली एकवीस रुपयांची आहेराची पाकिटं दोन, असा माल निघाला. हे कुणी टाकलं, कधी टाकलं, बाबांना पत्ता नव्हता. आई म्हणाली, ‘‘असू दे गं तसंच. लाल नाडीत नाही ना टाकलं काही?’’